भरल्या हॉलमध्ये विरून गेलेले वानखेडेकाका

भोपाळात कारखान्याच्या टाऊनशिपमध्ये राहणारा माणूस आयुष्यात दोनदा पडद्यावर हिरो होतो. एकदा लग्नात आणि एकदा रिटायरमेंटला. लग्नातल्या हिरोला कुणी काही विचारत नाही, तो मुंडावळ्यांमागून घाम पुसत असतो. रिटायरमेंटचा हिरो मात्र मांडीवर नारळ, खांद्यावर शाल घेऊन पहिल्या रांगेत बसतो आणि स्वतःवरची फिल्म पाहतो. या दोन्ही हिरोंचा दिग्दर्शक, संकलक, ध्वनिसंयोजक आणि वेळ पडल्यास खुर्च्या लावणारा म्हणजे मी. आनंद नगरात माझा स्टुडिओ आहे. पुढे पासपोर्ट फोटोचं स्टूल, मागे निळा पडदा, पडद्यामागे कॉम्प्युटर. वडील कारखान्यात होते, मला मात्र तिथे नोकरी लागली नाही. वडिलांच्या मते हे माझं दुर्दैव आणि माझ्या मते कारखान्याचं सुदैव.

रिटायरमेंटची फिल्म म्हणजे काय, हे बाहेरच्यांना सांगायला हवं. शेवटच्या दिवशी विभागाचे लोक हॉलमध्ये जमतात. भाषणं होतात, समोसे होतात आणि दहा मिनिटांची फिल्म होते. तिच्यात बालपणीचा एक फोटो, नोकरीचा पहिला दिवस, लग्न, पहिलं क्वार्टर, त्या क्वार्टरपुढचा पेरू, विभागाचे ग्रुप फोटो आणि शेवटी नातवंडं. माणूस बदलला तरी पेरू बदलत नाही. एका फिल्ममध्ये मी चुकून दुसऱ्याच्याच अंगणातला पेरू घातला होता, आजतागायत कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

आधी हे सगळं दोन व्हीसीआर जोडून चालायचं. मग कॉम्प्युटर आला आणि माझी पंचाईत झाली, कारण ग्राहकांना आता 'हलणारे फोटो' हवे होते. अडतिसाव्या वर्षी मी शाहपुऱ्यात एका दुकानावरच्या क्लासमध्ये नाव घातलं. शिकवायला अंजुम मॅडम होत्या, वय फार तर बावीस. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, "अंकल, आप पीछे बैठिए, वहाँ पंखा है." वर्गभर हशा. मी उठून, कमरेत वाकून, त्यांना मुजरा केला आणि पंख्याखाली जाऊन बसलो.

त्यांनी जी विद्या शिकवली तिचं नाव कीफ्रेम. गोष्ट सोपी आहे. तुम्ही दोन ठिकाणी खूण करायची. पहिल्या सेकंदाला फोटो इथे आणि एवढा, पाचव्या सेकंदाला तिथे आणि तेवढा. मधला सगळा प्रवास मशीन स्वतः करतं. फोटो सरकतो, मोठा होतो, फिरतो, हवं तर विरतो. मधे काय घडावं याची चिंता तुम्ही करायची नाही. अंजुम मॅडमनी सरावाला चेंडू दिला होता. मी चेंडूऐवजी लिंबू घेतलं, ते पडद्यावर डावीकडून उजवीकडे घरंगळवलं आणि आनंदानं टाळी वाजवली. शेजारच्या मुलीनं विचारलं, "अंकल, नींबू क्यूँ?" मी म्हटलं, "नज़र न लगे."

यातली मेख एका छोट्या घड्याळात असते. आकार, जागा, पारदर्शकता अशा प्रत्येक गोष्टीपुढे घड्याळाचं चिन्ह असतं. ते चालू केलं की पुढे तुम्ही जो काही बदल कराल त्याची, त्या क्षणाला तुम्ही जिथे असाल तिथे, खूण पडते. तुमचा हेतू असो वा नसो. "अंकल, घड़ी चालू करके भूलना मत," हे वाक्य मॅडमनी मला इतक्यांदा ऐकवलं की ते मला पाठ झालं. पाठ झालं की ऐकायचं थांबतं.

क्लास संपला आणि मी मोकाट सुटलो. वधूच्या नथीपासून मामांच्या टकलापर्यंत मी सगळ्याला जवळ नेलं, दूर नेलं, गरगर फिरवलं. तिवारी फोरमन म्हणाले, "मेरा स्कूटर चलना चाहिए." मी फोटोतून त्यांना स्कूटरसकट कापलं आणि मेन गेटपासून क्वार्टरपर्यंत पळवलं. चाकं फिरत नव्हती, नुसती स्कूटर सरकत होती. हॉल टाळ्यांनी दणाणला. तिवारीभाभी मात्र म्हणाल्या, "इतना तेज़ तो ये कभी घर नहीं आए."

याच तिवारींच्या फिल्ममध्ये मी एक गोष्ट सुरू केली. त्यांच्या ग्रुप फोटोतले दोघं वारले होते. मी त्या दोघांचे चेहरे हळूहळू फिके करत नेले आणि त्यांच्या जागी नुसती भिंत उरली. मागे कुणीतरी उभं राहिलं, मग सगळेच उभे राहिले. पुढच्या फिल्मला लोकांनीच मागणी केली, "वो गुज़र गए वालों का भी रखना." हळूहळू प्रथाच पडली. फिल्म चालू असताना एखादा चेहरा विरायला लागला की हॉल आपोआप उभा राही, हात जोडी आणि चित्र बदललं की बसे. भोपाळच्या संस्कृतीत माझी भर एवढीच.

मग पाध्येसाहेबांची फिल्म आली.

पाध्येसाहेब मूळचे ग्वाल्हेरचे, विभागात मोठ्या हुद्द्यावर, बोलायला कमी. त्यांच्या घरून मोजकेच फोटो आले, तेही लग्नकार्यातले. कारखान्यातला एकही नाही. मी हताश होऊन बसलो होतो तोच वानखेडेकाका बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन स्टुडिओत आले. काका नागपूरकडचे, त्याच विभागात टेक्निशियन, कॉइल गुंडाळणाऱ्या शॉपमध्ये. आमच्या जुन्या गल्लीत राहायचे, मी त्यांच्या कडेवर खेळलेला.

"काय म्हणतो विनू? पाध्याचे फोटो पाहिजे नं तुला? हे घे."

डब्यात कारखान्यातले तीस वर्षांचे फोटो होते. प्रत्येकाच्या मागे शाईनं नावं. मी चकित झालो, कारण काका आणि पाध्येसाहेब एकमेकांशी बोलत नाहीत हे टाऊनशिपला ठाऊक होतं. दोघं एकाच दिवशी नोकरीला लागले, हॉस्टेलच्या एकाच खोलीत राहिले. पुढे साहेब ऑफिसर झाले. मग साहेबांच्या सेक्शनमधून तांब्याची तार गहाळ झाल्याची चौकशी बसली. साहेबांनी काही चोरलं नव्हतं, पण नोंदी न बघता सह्या केल्या होत्या. काकांना विचारलं गेलं, तेव्हा त्यांनी खरं तेच सांगितलं. साहेबांचं प्रमोशन अडलं आणि बोलणं संपलं. त्याला अकरा वर्षं झाली होती.

काकांनी डब्यातून एक फोटो वेगळा काढला. एका भल्या मोठ्या मशीनपुढे तीन तरुण. डावीकडे पाध्ये, मधे वानखेडे, उजवीकडे क्रेनवाले सिद्दीकी, जे आता हयात नव्हते. पाध्यांचा हात वानखेड्यांच्या खांद्यावर.

"पहिल्या दिवसाचा आहे. हा नक्की घाल. तो आता पुण्याला चालला पोराकडे, महिन्याभरात क्वार्टर खाली करणार. मी तिसऱ्या रांगेत बसेन. हा फोटो आला की तो एकदा तरी मागे वळून पाहील. काय?"

"वळतील की काका."

"वळला नाही तरी चालते," काका म्हणाले. पण ते चालण्यासारखं नव्हतं, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

मग त्यांनी स्टूल ओढलं आणि मी काय करतो ते विचारलं. मी त्यांना खुणा दाखवल्या. ते झटकन म्हणाले, "म्हणजे दोन टोकं आपली, मधलं वाइंडिंग मशीनचं. आमच्याकडे असंच असते." मला इतका चांगला विद्यार्थी पुन्हा भेटला नाही.

दोन दिवसांनी साहेब कच्ची फिल्म पाहायला आले. त्या फोटोशी त्यांनी हात वर केला. मी थांबवली.

"हा कुठून आला?"

"जुन्या फोटोंत मिळाला, साहेब." काकांचं नाव मी घेतलं नाही. इथूनच माझी घसरण सुरू झाली.

साहेबांनी खुर्ची पडद्याजवळ ओढली. मग म्हणाले, "फोटो राहू दे. वानखेडे नको."

"मग फोटोच काढू का?"

"पहिल्या दिवसाचा माझा दुसरा फोटो नाही. वरचे सगळे येणार आहेत. त्यांच्यासमोर मला तो शेजारी नको." उठताना ते म्हणाले, "वेल्फेअरच्या वर्माजींशी बोललोय मी. यापुढे विभागाच्या सगळ्या फिल्म तुझ्याकडेच येतील."

मी काय उत्तर दिलं असेल? "होऊन जाईल साहेब." आणि इथे वाचकांपासून एक गोष्ट लपवायची नाही असं मी ठरवलंय. मला त्या क्षणी वाईट वाटलं नाही. मला आनंद झाला. हलत्या फोटोतून अख्खा माणूस नाहीसा करायचा! अंजुम मॅडमनीसुद्धा कधी केलं नसेल. साधा फोटो दुरुस्त करायचं सॉफ्टवेअर मला येत नव्हतं, म्हणून मी द्राविडी प्राणायाम केला. त्याच फोटोतला मशीनचा पत्रा कापून त्याचं ठिगळ बनवलं, ते काकांवर ठेवलं आणि फोटो जसा मोठा होत जाईल तसं ठिगळही मोठं होत जाईल अशा खुणा केल्या. साहेबांचा खांद्यावरचा हात फार छळत होता. तो मी मनगटापासून उडवला. दोन दिवस लागले. काम करताना मी शीळ वाजवत होतो.

ठिगळ बरोबर बसलंय का हे पाहायला मी ते मधून मधून पूर्ण पारदर्शक करत होतो, म्हणजे खालचे काका दिसत. जागा जुळली की पुन्हा पूर्ण अपारदर्शक. पारदर्शकतेपुढचं घड्याळ चालू होतं. मी पारदर्शक केलं तेव्हा फोटोच्या सुरुवातीला होतो, अपारदर्शक केलं तेव्हा पाचव्या सेकंदाशी. मशीननं दोन्ही ठिकाणी इमानदारीनं खुणा केल्या. मी शेवटच्या सेकंदाला थांबून पाहिलं, काका नव्हते. मी खूश झालो. सुरुवातीपासून चालवून पाहिलं नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी हॉल भरलेला. माझा लॅपटॉप जुना, तयार फिल्मची फाईल वेळेत बनली नव्हती, म्हणून मी थेट सॉफ्टवेअरमधूनच चालवत होतो. काका तिसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर. अंगात कोट. भोपाळच्या गरमीत कोट! केस पाणी लावून चापून बसवलेले.

तो फोटो आला. तिघंही होते. पहिल्या रांगेतल्या साहेबांची मान ताठ झाली. आणि मग, अगदी सावकाश, अगदी देखण्या रीतीनं, वानखेडेकाका विरायला लागले.

हॉल उठून उभा राहिला.

प्रथाच होती ना! शंभरभर माणसं हात जोडून उभी. काकाही उभे राहिले. त्यांना वाटलं सिद्दीकींचा चेहरा जाणार, म्हणून त्यांनीही हात जोडले. मग त्यांनी चष्मा काढला, कोटाला पुसला, पुन्हा घातला आणि पाहिलं. त्यांच्या पुढे उभे असलेले अकाउंट्सचे शर्माजी शेजाऱ्याच्या कानात, पण सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं बोलले, "अरे, वानखेड़े जी भी नहीं रहे? कब हुआ? कल तो कैंटीन में थे!" कुणीतरी "बहुत भले आदमी थे" म्हणालं. एका बाईनं हळहळून मागे पाहिलं तर साक्षात वानखेडे हात जोडून उभे. ती "हाय राम!" करून मटकन खाली बसली.

काका वाकून तिला म्हणाले, "घबराइए मत भाभीजी, मैं अभी हूँ."

हॉल फुटला. शिट्ट्या, टाळ्या. काकांना लोक चिमटे काढून बघत होते.

हा किस्सा मी आजवर अनेक बैठकींत सांगितला आहे. शर्माजींचा आवाज काढतो, भाभीजींसारखा मटकन बसून दाखवतो. "मैं अभी हूँ" ला हमखास हशा येतो आणि मी तिथेच थांबतो. आज पुढचं सांगतो.

हशा चालू असताना पडद्यावर फोटो पुढे चाललाच होता. काकांपाठोपाठ सिद्दीकी विरले, ते ठरल्याप्रमाणे. शेवटी पत्र्यापुढे पाध्येसाहेब एकटे उरले, एका बाजूला मनगटाशी संपलेला हात घेऊन. तो फोटो पाहून कुणी हसलं नाही, कारण कुणी पाहतच नव्हतं. काका पाहत होते.

साहेब उठून माझ्याकडे आले. माइक जवळच होता. ते म्हणाले, "ये क्या हुआ, भई?" सगळे माझ्याकडे वळले. साहेबांचा चेहरा कोरा होता, पण डोळे काय म्हणत होते ते मला कळलं. मी माइक घेतला आणि नाटकी आवाजात म्हणालो, "माफ़ी चाहता हूँ! इफ़ेक्ट सिद्दीकी साहब पर लगाना था, ग़लती से दो पर लग गया. वानखेड़े जी की उम्र बढ़ गई!" पुन्हा हशा. एका मेलेल्या माणसाच्या आडोशानं मी सुटलो. साहेब जागेवर बसले. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

चार दिवसांनी काका डबा न्यायला आले. त्यांनी फोटो डब्यात भरले, तो एक हातात धरून विचारलं, "विनू, खरंच चुकून झालं नं?"

कच्च्या फिल्मच्या दिवसापासून एव्हाना मी दोनदा खोटं बोललो होतो. तिसऱ्यांदा जीभ अडत नाही. "खरंच काका. नवीन शिकलोय, हात बसला नाही."

"होते असं," ते म्हणाले. "आमच्याकडेही पोरं पहिल्या वर्षी तार उलटी गुंडाळतात. पाध्या रागावला का तुझ्यावर?"

"थोडे."

काकांनी हातातला फोटोही डब्यात ठेवला. डबा काखेत घेऊन गेले.

पुढच्या रविवारी सकाळी पाध्येसाहेब स्टुडिओत आले. पासपोर्ट फोटोच्या स्टुलावरच बसले.

"काल वानखेडे आला होता घरी. अकरा वर्षांनी. आणि कशाला, तर तुझी रदबदली करायला. म्हणे, पोराच्या हातून चुकून झालं, त्याचं काम तोडू नकोस, वर्माला काही बोलू नकोस." साहेबांनी घसा साफ केला. "बसला. चहा घेतला. हॉस्टेलच्या गोष्टी काढल्या. मी सांगणार होतो त्याला. नाही सांगितलं. तू?"

"मीही नाही."

आम्ही दोघं एकमेकांकडे न पाहता बसलो. मग ते म्हणाले, "त्याला फोटोत परत आण. दोन सीडी कर. एक त्याला दे. किती दिवस लागतील?"

मी कॉम्प्युटर चालू केला, फिल्म उघडली, ठिगळावर क्लिक केलं आणि एक बटण दाबलं. ठिगळ गेलं. काका परत आले, खांद्यावर साहेबांचा हात पूर्ण.

"झालं?"

"झालं."

"एवढंच होतं?"

"हो. वरचं काढलं की खालचा फोटो जसाच्या तसा असतो."

साहेब पडद्याकडे पाहत होते. "मग त्या दिवशी लॅपटॉप तुझ्यासमोरच होता. तिथेच का नाही दाबलंस?"

या प्रश्नाचं उत्तर मला त्या दिवशीही ठाऊक होतं. हॉल हात जोडून उभा होता तेव्हा माझं बोट त्या बटणापासून चार इंचांवर होतं. थांबवायचं, दाबायचं, पुन्हा चालवायचं. अर्धं मिनिट. तिघं पडद्यावर आले असते, साहेबांना सगळ्यांसमोर ते पाहावं लागलं असतं आणि काकांना जे हवं होतं ते कदाचित तिथेच मिळालं असतं. मी बोट उचललं नाही. मी साहेबांकडे पाहत होतो, त्यांना काय चालेल त्याचा अंदाज घेत. त्यांनी हा गुन्हा करायला सांगितला हे खरं, पण त्या अर्ध्या मिनिटात मला कुणी काही सांगितलं नव्हतं.

साहेबांना मी म्हटलं, "सुचलं नाही." त्यांनी मान हलवली. विश्वास ठेवला की नाही, माहीत नाही.

काकांना सीडी दिली तेव्हा त्यांनी ती माझ्याकडेच लावून पाहिली. फोटो आला तसे ते पडद्याजवळ सरकले, सिद्दीकी विरू लागले तेव्हा उठून उभे राहिले आणि मग माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "जमलं बरं तुला आता!" मी हसलो. विभागाच्या सगळ्या फिल्म पुढे माझ्याकडेच आल्या. साहेब पुण्याला गेले, पण दोघांचे दर रविवारी फोन चालू राहिले. काका मला भेटले की सांगत, "तुझ्या एका चुकीनं आमचं बोलणं सुरू झालं." आणि मी नम्रपणे मान लववत असे. मान लववणं मला छान जमतं.

पाध्येसाहेब दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांनी काकांना कधीच सांगितलं नाही, हे काकांच्या बोलण्यावरून मला कळत आलंय. इतकी वर्षं मी स्वतःला समजावत होतो की मी गप्प आहे तो त्या दोघांच्या मैत्रीसाठी. ते खोटं आहे. मैत्री त्यांनी त्यांची सांभाळली. मी फक्त पाठीवरची ती थाप सांभाळली.

वानखेडेकाका आता नागपूरला मुलीकडे असतात. नजर कमी झाली आहे, नात वाचून दाखवते. भोपाळच्या आपल्या मराठी मंडळाचा हा दिवाळी अंक, ज्यात हे छापून येतंय, दर वर्षी त्यांना मीच पाठवतो. या वर्षी पाकिटावर पत्ता मी आधीच लिहून ठेवला आहे.